बॅटरी आणि सोलापूरचे ऊन

विजेवर चालणाऱ्या मोटारीविषयी आजवर जे लिहिले गेले, त्यात तापमानाचा विषय निघाला की बोलणे बहुतेक वेळा थंडीचेच होते. नॉर्वेत, कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत पारा शून्याखाली गेल्यावर गाडीचा पल्ला, म्हणजे लोकांच्या बोलण्यातली ‘रेंज’, किती घटतो, हा त्या चर्चेचा मुख्य विषय. सोलापूरला ही चर्चा परकी वाटावी हे साहजिक आहे. दख्खनच्या पठारावर, पर्जन्यछायेच्या प्रदेशात वसलेल्या या शहरात मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो, आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तो दहा-बारा अंशांवर उतरला तरी कडाक्याची थंडी पडल्याची बातमी होते. जगाच्या थंडीशी या गावाचा जुना संबंध आला तो चादरीपुरता. तरीही थंड देशांतल्या गाडीचा आणि सोलापुरातल्या गाडीचा इतिहास एकमेकांपासून तोडता येत नाही, कारण दोन्हीकडे प्रश्न रसायनांनी भरलेल्या एकाच पेटीचा आहे आणि त्या पेटीचा स्वभाव हवेबरोबर पालटतो. थंडी बॅटरीला तात्पुरती अडवते, ऊन तिला कायमचे झिजवते. थंडीचा फटका त्याच सकाळी कळतो, उन्हाचा कळायला वर्षे जातात. सोलापूरच्या वाहनविद्येत हा भेद फार पूर्वीपासून, विजेची मोटार येण्याच्या कितीतरी आधीपासून, रुजलेला दिसतो.

परदेशी हवेत घडलेले यंत्र सोलापूरच्या हवेत आणून चालवण्याचा पहिला मोठा प्रसंग आगगाडीचा. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग पुण्याहून पुढे सरकत १८६० साली सोलापूरला पोचला आणि १८७१ साली तो रायचूरला मद्रास रेल्वेला जाऊन मिळाला, तेव्हा मुंबई आणि मद्रास ही दोन बंदरे लोखंडी रुळांनी जोडली गेली. वाफेच्या इंजिनाला कोळशाइतकेच पाणी लागते, आणि हे इंजिन ज्या इंग्लंडात वाढले तिथे पाण्याची चिंता करावी अशी परिस्थिती नव्हती. सोलापूर जिल्ह्यात मात्र पाऊस बेभरवशाचा आणि अवर्षण नित्याचे, त्यामुळे स्थानकांवर पाणी साठवणे हा रेल्वे चालवण्याचा निम्मा उद्योग होऊन बसला. याच काळात शहराच्या ईशान्येस अधिला नदीवर एकरूख तलाव बांधला गेला, जो आज हिप्परग्याचा तलाव म्हणून ओळखला जातो. त्याचा मूळ हेतू शेतीला पाणी देण्याचा असला तरी पुढे शहराची तहानही त्याच्यावर भागू लागली. १८७७ साली निघालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल, म्हणजे सोलापूरकरांची ‘जुनी मिल’, हीसुद्धा वाफेवरच चालली. विसाव्या शतकात डिझेलने आणि शेवटी विजेने वाफेची जागा घेतली. १० फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबई ते सोलापूर ‘वंदे भारत’ सुरू झाली तेव्हा हा सगळा मार्ग तारांखाली आलेला होता. रेल्वेची वीज वरच्या तारेतून येते, ती गाडीत साठवावी लागत नाही, म्हणून उन्हाने तिचा साठा नासण्याचा प्रश्नच तिथे नाही. साठवण्याची वेळ आली की प्रश्न सुरू होतो, आणि तो रस्त्यावरच्या वाहनाचा आहे.

वीज साठवून रस्त्यावर चालणारी गाडी ही एकविसाव्या शतकाची उपज आहे, हा समज चुकीचा आहे. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शिसे आणि गंधकाम्ल यांची पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी तयार केली, १८८१ साली पॅरिसच्या रस्त्यावर विजेची तीनचाकी धावली, आणि १८९९ साली कामिय झेनात्झी या बेल्जियन चालकाने ज्या गाडीतून ताशी शंभर किलोमीटरचा वेग पहिल्यांदा ओलांडला ती गाडी बॅटरीवरचीच होती. १९००च्या सुमारास अमेरिकेत वाफ, पेट्रोल आणि वीज अशा तीन प्रकारच्या मोटारी बाजारात एकमेकींशी झुंजत होत्या आणि त्यांत विजेची मोटार मागे नव्हती, कारण पेट्रोलची गाडी सुरू करण्यासाठी समोर उभे राहून लोखंडी हँडल फिरवावे लागे, आणि थंडीत तेल घट्ट झाल्यावर ते फिरवणे म्हणजे मनगट मोडून घेण्याची तयारी. १९१२ साली चार्ल्स केटरिंगने सिद्ध केलेला विजेचा स्टार्टर कॅडिलॅक गाडीत बसला आणि हा त्रास संपला. या शोधात एक मोठी गंमत आहे: विजेच्या गाडीचा बाजार ज्याने उठवला, तो स्टार्टर स्वतः बॅटरीवर चालणारा होता. चाके फिरवण्याचा मान बॅटरीकडून गेला, पण इंजिनाला जागे करण्याचे काम तिच्याकडे आले, आणि पुढची सत्तर-ऐंशी वर्षे जगभरच्या वाहनचालकांची बॅटरीशी ओळख झाली ती या हलक्या हुद्द्यावर. सोलापूरचीही ओळख तिथेच झाली.

पेट्रोल आणि डिझेलच्या इंजिनाला सोलापूरचे ऊन सोसायला लावणे ही स्वतंत्र कला होती. इंजिनात जाळलेल्या इंधनाचा निम्म्याहून अधिक भाग नुसती उष्णता होऊन वाया जातो, आणि ती उष्णता काढून टाकण्यासाठी पुढे रेडिएटर, म्हणजे पाण्याच्या बारीक नळ्यांची जाळी, बसवलेली असते. बाहेरची हवाच त्रेचाळीस अंशांची असली की जाळीतून जाणारा वारा काय थंड करणार? म्हणून जुन्या ट्रकांच्या आणि जीपांच्या पुढे कॅनव्हासची पाण्याची पिशवी टांगलेली असे, गाडी ‘तापली’ की झाडाखाली उभी करून बॉनेट उघडावे लागे, आणि उकळत्या रेडिएटरचे झाकण फडक्याशिवाय उघडू नये हे क्लीनरला पहिल्या दिवशी शिकवले जाई. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली आणि पुढे एस.टी.चे जाळे सोलापूर जिल्ह्याच्या तालुक्या-तालुक्यांत पसरले, तसे हे ज्ञानही डेपो-डेपोत पसरले. बरोबर चौऱ्याहत्तर वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, त्याच पुणे-अहमदनगर मार्गावर महामंडळाची ‘शिवाई’ ही विजेवरची बस निघाली. तिला असा रेडिएटर नाही, पण थंड ठेवावी लागणारी वस्तू तिच्यातही आहेच.

या इतिहासात ज्याची नोंद कुणी फारशी घेतलेली नाही, ते ठिकाण म्हणजे बॅटरीचे दुकान. गॅरेजला लागून असलेली ही लहानशी जागा: लाकडी फळीवर ओळीने मांडलेल्या काळ्या पेट्या, त्यांना जोडलेल्या लाल-काळ्या वायरी, आम्लाने भोके पडलेला कारागिराचा सदरा, आणि भिंतीवर टांगलेला हायड्रोमीटर, म्हणजे रबरी फुगा लावलेली काचेची नळी, जिच्यात द्रव ओढला की आतला तरंगक वर-खाली होऊन आम्लाची घनता दाखवतो. कारागीर याला ‘ग्रॅव्हिटी बघणे’ म्हणतात. बॅटरी भरलेली असताना आम्ल घट्ट असते, रिकामी होते तसे ते पातळ होत जाते, त्यामुळे सहा कप्प्यांपैकी, म्हणजे सहा सेलांपैकी, नेमका कुठला ‘मेला’ हे त्या नळीतून समजते. इथे एक बारकावा आहे जो विजेच्या मोटारीच्या आजच्या चर्चेतही कुणी आठवत नाही. थंड देशांत भरलेल्या बॅटरीतल्या आम्लाची घनता पाण्याच्या साधारण १.२७ ते १.२८ पट ठेवतात, कारण घट्ट आम्ल थंडीत गोठत नाही आणि जोर जास्त देते. उष्ण प्रदेशांत मात्र ती मुद्दाम कमी, १.२४ किंवा त्याहूनही खाली ठेवण्याची पद्धत आहे, कारण तेच घट्ट आम्ल उन्हात शिशाच्या पट्ट्या लवकर खाते. म्हणजे एकाच कारखान्याची एकच पेटी हवा बघून वेगळी भरली जाते. परदेशी यंत्राला देशी हवा मानवून देण्याचे याहून शहाणे उदाहरण सापडणे कठीण.

उन्हाळ्यात पाणी उडते म्हणून दर काही दिवसांनी झाकणे उघडून ‘डिस्टिल्ड वॉटर’, म्हणजे क्षार काढून टाकलेले पाणी, घालायचे, टर्मिनलवर चढलेली पांढरट-हिरवट पूड गरम पाण्याने धुऊन ग्रीस लावायचे, हे चालकांच्या अंगवळणी पडलेले नियम होते. तरीही बॅटरी ‘बसायची’, आणि ती बसायची बहुधा हिवाळ्यात. डिसेंबरच्या एखाद्या सकाळी सेल्फ लागत नाही, स्टार्टर नुसता कण्हतो, मग चार माणसे मागे लागून गाडीला धक्का देतात, आणि दोष थंडीला दिला जातो. वास्तविक दहा-बारा अंशांची थंडी निरोगी बॅटरीला काहीच करत नाही. घडते ते असे: रासायनिक क्रियांचा वेग तापमान दहा अंशांनी वाढले की ढोबळमानाने दुप्पट होतो, त्यामुळे एप्रिल-मेच्या दोन महिन्यांत बॉनेटखाली शिजलेल्या बॅटरीच्या पट्ट्या आतून गंजलेल्या असतात, पण उन्हाळ्यात तेल पातळ असल्याने इंजिन थोड्या जोरावरही उठते आणि आजार झाकला जातो, हिवाळ्यात तेल घट्ट होते, स्टार्टरला जास्त जोर लागतो, आणि तो जोर पेटीत उरलेला नसतो. म्हणजे बॅटरी मेमध्ये मरते आणि डिसेंबरमध्ये कळते. बॅटरीवाल्या कारागिरांना हे ठाऊक होते. गिऱ्हाइकांना ते पटवणे वेगळे.

२००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रात भारनियमन वाढले तेव्हा हेच ज्ञान घराघरात शिरले. दिवसाचे कित्येक तास वीज जात असल्याने दुकानांत, दवाखान्यांत आणि मध्यमवर्गीय घरांत इन्व्हर्टर आले, म्हणजे बॅटरीत वीज साठवून ती दिव्या-पंख्याला देणारे यंत्र, आणि जिन्याखाली किंवा गच्चीवर ठेवलेल्या बॅटऱ्यांपैकी गच्चीवरची लवकर का जाते हा प्रश्न पुष्कळ घरांत चर्चिला गेला. मोटारींच्या इतिहासात या यंत्राला स्थान मिळत नाही. पण पुढे लोकांनी विजेची स्कूटर किंवा मोटार घेताना जे प्रश्न विचारले, ‘बॅटरी किती वर्षे जाते’, ‘उन्हात ठेवली तर चालते का’, ते इन्व्हर्टरच्या अनुभवातून आलेले होते. बंगळुरूच्या ‘रेवा’ या छोट्या मोटारीची विक्री २००१ साली सुरू झाली, तिच्यातही हीच शिशाची बॅटरी होती आणि पल्ला ऐंशी किलोमीटरच्या आसपास. सोलापूरहून पंढरपूरला जावे तर तिथे पुन्हा भरल्याशिवाय परतता येणार नाही, असे हे गणित होते.

या गणिताला वळण दिले ते लिथियम-आयन बॅटरीने. १९९१ साली सोनी कंपनीने ती बाजारात आणली, तिच्या शोधासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि शिशाच्या मानाने कितीतरी हलकी असल्याने ती चाके फिरवण्याचा जुना मान परत मिळवू शकली. हिच्यात लिथियमचे कण द्रवातून एका टोकाकडून दुसरीकडे जातात. थंडीत द्रव दाटतो, कण संथ होतात, आणि शून्याखालच्या तापमानात घाईने भरायला गेले तर लिथियम आत शिरण्याऐवजी धातू होऊन पृष्ठभागावर बसते, म्हणून गाडीतला संगणकच भरण्याचा वेग कमी करतो. शिवाय पेट्रोलच्या गाडीत आतली माणसे ऊबदार राहतात ती इंजिनाच्या फुकट उष्णतेवर. विजेच्या गाडीत अशी फुकट उष्णता फारशी नाही, म्हणून हीटरचा भार बॅटरीवरच पडतो आणि कडक थंडीत पल्ला पाचव्या ते तिसऱ्या हिश्श्याने आटतो. जानेवारी २०२४ मध्ये शिकागोत थंडीची लाट आली तेव्हा भरणी केंद्रांबाहेर बंद पडलेल्या विजेच्या मोटारींची छायाचित्रे जगभर फिरली. पण ज्या नॉर्वेत हिवाळा त्याहून लांब, तिथे त्याच वर्षी विकल्या गेलेल्या दर शंभर नव्या मोटारींपैकी सुमारे एकोणनव्वद विजेच्या होत्या. १९९० पासून दिलेल्या करसवलती हे त्याचे मोठे कारण. दुसरे कारण असे, की रात्री गाडीला वीज जोडून ठेवण्याची सवय उत्तरेकडील थंड मुलुखांत आधीपासून होती, कारण पेट्रोलच्या इंजिनाचे तेल गोठू नये म्हणून त्याला विजेचा छोटा हीटर लावत असत. थंडीचा प्रश्न त्या लोकांनी सवयीने सोडवला.

उन्हाचा प्रश्न जगाच्या नजरेस आला तो अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातून. २०१२च्या उन्हाळ्यात फिनिक्स शहरात, जिथला उन्हाळा सोलापूरहूनही जहाल, निसान कंपनीच्या ‘लीफ’ गाडीच्या मालकांनी अशी तक्रार केली, की दोन वर्षेही झाली नाहीत तोच बॅटरीची क्षमता लक्षणीय घटली आहे. त्या गाडीत बॅटरीला द्रवाने थंड करण्याची सोय नव्हती. पुढे कंपनीला क्षमतेची हमी द्यावी लागली. बॅटरी मेमध्ये मरते, हे सोलापूरच्या दुकानदाराचे ज्ञान फिनिक्सच्या निमित्ताने अभियंत्यांच्या दरबारात रुजू झाले, असे म्हणायला हरकत नाही.

२८ जानेवारी २०२० रोजी टाटा मोटर्सने ‘नेक्सॉन ईव्ही’ बाजारात आणली, जी पुण्याजवळ रांजणगावला तयार होत होती, तेव्हा तिच्या ३०.२ किलोवॉट-तासांच्या बॅटरीभोवती द्रव फिरवून ती थंड ठेवण्याची योजना होती. बॅटरीचे रसायन लोह-फॉस्फेटचे होते, आणि ही निवड हवेच्या दृष्टीने बोलकी आहे. लिथियमच्या बॅटऱ्यांत दोन मोठी कुळे आहेत: निकेल वापरणारे, जे वजनाच्या मानाने जास्त वीज साठवते, आणि लोह-फॉस्फेटचे, जे कमी साठवते व थंडीत जास्त कुरकुरते, पण उष्णतेत स्थिर राहते आणि सहजासहजी पेट घेत नाही. ऑस्लोच्या हिवाळ्यात जो दुर्गुण, तो सोलापूरच्या उन्हाळ्यात आडवा येतच नाही. खर्चाचा हिशेबही इथे उलटा होतो. बाहेर उणे पंधरा अंश असताना आत वीस अंश ठेवायचे म्हणजे पस्तीस अंशांचे अंतर तोडायचे. बाहेर बेचाळीस असताना आत पंचवीस ठेवायचे तर अंतर सतराचे. म्हणून एसी लावूनही मे महिन्यातल्या सोलापूरच्या गाडीचा पल्ला जानेवारीतल्या नॉर्वेच्या गाडीइतका आटत नाही, आणि वर्षातला सर्वांत चांगला पल्ला सोलापुरात मिळतो तो सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या यात्रेच्या, दिवसांत, जेव्हा हीटरही लागत नाही आणि एसीही लागत नाही. तरीही पुण्याचे अडीचशे किलोमीटर त्या पहिल्या गाडीला एका दमात झेपणारे नव्हते. टेंभुर्णी-इंदापूरच्या पट्ट्यात कुठेतरी थांबून भरणे भागच होते.

भरायची वीज कुठून येते, या प्रश्नाचे सोलापूरचे उत्तर इतिहासकाराला विशेष रोचक आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी कार्यान्वित झाली आणि दक्षिण भारताचे वीजजाळे उरलेल्या देशाशी समकालिक झाले, म्हणजे दोन्हीकडची वीज एकाच लयीत, सेकंदाला पन्नास आवर्तनांनी, वाहू लागली. १८७१ साली ज्या दोन गावांना जोडणाऱ्या रुळांनी मुंबई-मद्रास एक झाले, त्याच दोन गावांमधल्या तारांनी देशाची वीज एक केली; पठाराची रचनाच अशी आहे की वाट काढणाऱ्याला इथून जावे लागते. होटगी परिसरात एनटीपीसीचा ६६० मेगावॉटच्या दोन संचांचा प्रकल्प उभा राहिला, ज्याचे संच २०१७ आणि २०१९ मध्ये सुरू झाले; तो कोळशावर चालतो आणि त्याला पाणी उजनी धरणातून नळाने आणावे लागते. वाफेच्या इंजिनाने एकोणिसाव्या शतकात या जिल्ह्यापुढे जो पाण्याचा प्रश्न ठेवला, तो विजेच्या गाडीने मिटवलेला नाही. तो फक्त रस्त्यावरून वीजकेंद्रात गेला.

मार्च २०२२ मध्ये पुण्यात एका विजेच्या स्कूटरने भररस्त्यात पेट घेतला आणि त्याच सुमारास देशाच्या इतर भागांतूनही तशाच बातम्या आल्या, तेव्हा उन्हाचा प्रश्न एकदम सार्वजनिक झाला. केंद्राने दुचाकी-तीनचाकीच्या बॅटऱ्यांसाठी असलेली एआयएस १५६ ही मानके कडक केली, ज्यांत एका सेलची आग शेजारच्या सेलांपर्यंत पोचू नये याची कसोटी आली, आणि हे बदल डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. सोलापूरच्या रस्त्यांवर आज दिसणाऱ्या विजेच्या दुचाक्यांत या नियमांच्या आधीच्या आणि नंतरच्या अशा दोन पिढ्या शेजारी शेजारी धावतात. भरउन्हातून आल्या आल्या गाडी चार्जिंगला लावू नये, आधी निवू द्यावी, रात्री भरावी, दुपारी कडुलिंबाखाली उभी करावी, हे आता नव्या वाहनाचे नियम म्हणून सांगितले जातात. जुन्या बॅटरीवाल्याला त्यांत नवे काही आढळणार नाही.

नेक्सॉनच्या पहिल्या गाड्यांच्या बॅटरीला आठ वर्षांची किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरची हमी होती, म्हणजे २०२०च्या आरंभी घेतलेल्या गाड्यांची हमी २०२८च्या आरंभी संपेल. त्या गाड्यांनी तोवर प्रत्येकी आठ उन्हाळे पाहिलेले असतील, आणि सोलापूरच्या उन्हात लोह-फॉस्फेटची बॅटरी किती झिजते याचा हिशेब तेव्हा पुस्तकांतून नव्हे, तर जुन्या गाड्यांच्या बाजारात गिऱ्हाईक काय भाव देते त्यावरून लागेल.